पऱ्हाटी वावरात, कापूस घरात : प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या एका शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्याच पावसाळ्यात फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं : 'शेतात कापूस डोलतो.' व्याकरणाचा तास होता. कर्ता कोण, क्रियापद कोणतं, एवढंच विचारायचं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कापूस नाही डोलत. पऱ्हाटी डोलते." वर्ग हसला. मला वाटलं, बोलीतला प्रतिशब्द सांगतोय. म्हटलं, "पऱ्हाटी म्हणजे कापूसच ना रे?" तो म्हणाला, "नाही सर. पऱ्हाटी वावरात रायते, कापूस घरात रायते."

मी मूळचा घाटाखालचा. कापूस पाहिलेला तो वाण्याच्या पुडीतला आणि आजीच्या मांडीवर वातीसाठी वळलेला. झाडाला एक नाव, त्याच्या बोंडाला दुसरं, बोंडातून निघालेल्या धाग्याला तिसरं, ही चैन आमच्याकडे भाताच्या बाबतीत होती : रोप, भात, तांदूळ, पेज. तेव्हा त्या मुलाचं म्हणणं मला लगेच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण पुस्तकातला 'कापूस' माझ्या डोक्यात एकच होता. खिडकीबाहेर पाहिलं तर श्रावण चालला होता. वावरात गुडघाभर हिरवी झाडं होती, पिवळी फुलं होती, पांढरा कण कुठेही नव्हता. माझं वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं, वस्तुस्थितीने चूक.

त्या दिवसापासून शब्द टिपायला लागलो. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, एसटीच्या तिकिटांवर, कधी तळहातावर. हे पुस्तक म्हणजे त्या चिठोऱ्यांची लावलेली रांग. पण रांग लावण्याआधी 'कापूस' या शब्दाचीच चौकशी करायला हवी. तो वाटतो तितका घरातला नाही.

प्रथम एक गैरसमज. शाळेत दरवर्षी कोणीतरी सांगायचं, कापून काढतात म्हणून कापूस. कापूस कोणी कापत नाही, तो वेचतात. ज्वारी कापतात, सोयाबीन कापतात; कापसाला विळा लागत नाही, लागतात बोटं. 'कापणे'चा माग संस्कृतातल्या 'कल्पयति'कडे जातो, प्राकृतात त्याचं 'कप्पेइ' झालं. 'कापूस' येतो 'कर्पास'वरून, प्राकृतातल्या 'कप्पास'मार्गे. दोन्ही शब्द 'कप्प'च्या एकाच मोरीतून वाहून आले म्हणून भाऊ वाटतात, एवढंच. हिंदीने 'कपास' ठेवलं, मराठीने मध्ये 'ऊ' आणला. पण विभक्ती लागली की तो 'ऊ' पळतो : कापूस, कापसाला, जसं माणूस, माणसाला. मराठीत माणूस आणि कापूस एकाच चालीने चालतात, याची मला उगाच गंमत वाटते.

मग 'कर्पास' कुठला? ऋग्वेदात लोकर आहे, कापूस नाही. तो येतो सूत्रग्रंथांत, बराच नंतर. कापड मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. मोहेंजोदडोला चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला, मंजिष्ठेने रंगवलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. बलुचिस्तानातल्या मेहरगढला तांब्याच्या मण्यात अडकलेले कापसाचे तंतू निघाले, ते तर आठ हजार वर्षांच्या घरातले. म्हणजे वेद म्हणणारे लोक आले तेव्हा इथे कापूस पिकत होता, कातला जात होता, विणला जात होता, आणि ज्यांच्या हातात तो होता त्यांच्या तोंडात त्याला काहीतरी नाव असणारच. झाँ प्शिलुस्की या फ्रेंच पंडिताने 'कर्पास'चं मूळ ऑस्ट्रोआशियाई भाषांत, म्हणजे मुंडा आणि मोन-ख्मेर या गोतावळ्यात, शोधलं. त्याचे लेख प्रबोधचंद्र बागची यांनी इंग्रजीत आणले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते १९२९ मध्ये छापले. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण 'कर्पास' आणि चिंधीसाठीचा 'कर्पट' (आपलं 'कापड' याच 'कर्पट'चं) हे जोडीचे शब्द संस्कृत धातूंतून सरळ निघत नाहीत, याबद्दल फारसा वाद नाही. त्या मुंडा कुळातली महाराष्ट्रातली भाषा म्हणजे शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटची कोरकू. संस्कृतला कापसाचं नाव देणारे लोक कोरकूंचे लांबचे नातलग असतील, ही शक्यता मला फार आवडते. कापूस पिकवणारा आणि कापसाबद्दल लिहिणारा यांच्यातलं अंतर तेव्हापासूनचं आहे म्हणायचं.

एकदा संस्कृतात शिरल्यावर मात्र या शब्दाने पाय काढला तो थांबला नाही. फारसीत 'कर्बास' झाला, जाडंभरडं सुती कापड. ग्रीकांत 'कार्पासोस', लॅटिनमध्ये 'कार्बासुस'. तिथे तो तलम कापडाला लागला आणि पुढे जहाजाच्या शिडालाही. हिब्रू बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात इराणच्या राजाच्या मेजवानीत, सूसा नगरीच्या राजवाड्यात पडदे लावले आहेत, तिथे शब्द आहे 'कर्पस'. पूर्वेकडे मलाय भाषेत तो 'कपास' म्हणूनच बसला, आणि इंडोनेशियाच्या राजचिन्हावर गरुडाच्या छातीवरच्या ढालीत भाताच्या लोंबीशेजारी आजही कापसाची फांदी आहे : 'पादी दान कपास'. यवतमाळच्या बाजार समितीच्या फाटकावर शोभेल असं चिन्ह एका देशाने छातीवर लावलं आहे.

युरोपाने पुढे दुसरा शब्द उचलला. अरबीतला 'कुत्न'. स्पॅनिशमध्ये त्याला अरबीचं 'अल्' चिकटलं आणि 'अल्गोदोन' झालं. इटालियनमध्ये 'कोतोने', फ्रेंचमध्ये 'कोतों', इंग्रजीत 'कॉटन'. तिसरं घराणं फारसी 'पंबे'चं. तुर्कीत तो 'पामुक'. नोबेल मिळालेले ओऱ्हान पामुक मराठीत जन्मले असते तर आडनाव 'कापसे' लागलं असतं. हंगेरीत 'पामुत', आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत 'पांबा'. याच्याच जवळपासचा 'बोंबाक्स' मध्ययुगीन लॅटिनमध्ये फिरला आणि त्यातून इंग्रजीला मिळाला 'बॉम्बास्ट' : आधी अंगरख्यात भरायचा कापूस, मग भाषणात भरायचा. प्रस्तावना लिहिणाऱ्याने हा शब्द टेबलावर समोर ठेवावा.

जर्मनांचं वेगळंच. त्यांनी कोणाचा शब्द घेतला नाही, वर्णन केलं : 'बाउमवोले', झाडाची लोकर. हिरोडोटसने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानात रानटी झाडांना लोकर लागते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते. ज्यांनी झाड पाहिलं नाही त्यांना मेंढीच आठवली. मध्ययुगात तर झाडाला देठावर कोकरू लागतं, अशीच कथा युरोपात चालली.

एवढी सगळी यादी मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं तोंडं उघडी टाकून ऐकायची. पण तो मागच्या बाकावरचा मुलगा जे म्हणाला ते डोक्यात ठेवून ही यादी पुन्हा वाचावी. कर्बास, कार्बासुस, कर्पस : कापड, शीड, पडदा. हे शब्द गाठोड्यावर बसून गेले. व्यापाऱ्याने माल विकला, त्याबरोबर मालाचं नाव विकलं. घेणाऱ्याला झाडाशी कर्तव्य नव्हतं. जगभर फिरला तो 'घरातला' शब्द. वावरातला शब्द वावरातच राहिला.

तो 'पऱ्हाटी'. शब्दकोशात याच्यासमोर 'कापसाचे झाड' एवढं लिहून लोक पुढे जातात. पण हा शब्द साधा नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत, म्हणजे सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या संग्रहात, कापसाला 'फलही' म्हटलं आहे. एका गाथेत कापसाच्या वावरात पहिला नांगर घालायचा मुहूर्त आहे. एक बाई नांगराची पूजा करते आहे आणि तिचे हात थरथरतात. भक्तीने नव्हे. पीक उंच वाढल्यावर त्याच वावरात कोणाला भेटायचं, ते मनात आहे म्हणून. पऱ्हाटी डोक्याएवढी होते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही गाथा कळेल; फळ्यावर 'शेतात कापूस डोलतो' लिहिणाऱ्याला नाही. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने 'देशीनाममाला' केली, ज्या शब्दांना संस्कृतात मूळ सापडत नाही त्यांची. तिच्यात 'पलही' आहे, अर्थ कर्पास. फलही, पलही, मग जुन्या मराठीतलं पळहें, आणि वाळल्या काडीला लागणारं 'आटी' जोडून पळ्हाटी, पऱ्हाटी. जशी तुरीची तुऱ्हाटी. हा माग मला पटतो. इथल्या कुडाच्या भिंतींत पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी शेजारी शेजारी लिंपलेल्या असतात, तसे हे दोन शब्दही एकाच हाताने बांधलेले दिसतात.

आता पांढरकवड्याहून दक्षिणेला निघा. पाटणबोरी गेली, पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद. तिथल्या बाजारात आपल्याकडचा कापूसही जातो, भाव बरा असेल त्या वर्षी रांगेने. तिकडे तेलुगूत त्याला म्हणतात 'पत्ती', ग्रंथांत 'प्रत्ती'. कन्नडात 'हत्ती', जुन्या कन्नडात 'पर्ती'. तमिळमध्ये 'परुत्ती'. पलही आणि परुत्ती यांत मला एकाच घराचा वास येतो. यवतमाळ जिल्ह्यात गोंडी आहे, कोलामांच्या पोडापोडांवर कोलामी आहे. कोलामी तर खास इथली. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ साली तिचं व्याकरण छापलं आणि द्राविडी भाषांच्या अभ्यासात हिला स्वतःची जागा मिळाली. तांड्यांवर गोरमाटी आहे. इतक्या भाषा एकाच काळ्या मातीत मुळं सोडून उभ्या असताना कापसाच्या झाडाचं नाव शुद्ध एका बाजूचं कसं राहील? त्या मातीला जगभरच्या भूगोलात 'रेगूर' म्हणतात, तोही शब्द तेलुगूच्या 'रेगडी'वरून गेलेला. माती तेलुगू नावाची, झाड देशी नावाचं, पीक संस्कृत नावाचं. आणि कारखाना इंग्रजी नावाचा, त्याकडे येतोच.

कारण इथे हा पदार्थ जेवढ्या वेळा हात बदलतो तेवढ्या वेळा नाव बदलतं. ही या पुस्तकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे, आणि ती मला चिठोऱ्या मांडताना उमगली, टिपताना नाही. पेरते ती सरकी. उगवते ती पऱ्हाटी. तिला आधी पाती लागते, मग फूल, मग बोंड. बोंड फुटलं आणि बाईने वेचलं की कापूस. पहिल्या खेपेचा पहिला वेचा, मग दुसरा, तिसरा. किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडातून ओढून काढलेली ती कवडी. कवडीमोल म्हणजे काय ते ती विकताना कळतं. कापूस जीनमध्ये गेला की तिथे त्याचे दोन तुकडे होतात : रुई आणि सरकी. रुई दाबली की गाठ. सरकी घाणीत गेली की तेल आणि ढेप. कास्तकाराच्या हातात असेपर्यंत 'कापूस', आणि तो क्विंटलने मोजायचा. जीनच्या दारातून आत गेला की 'रुई', आणि तिचा भाव खंडीने बोलायचा. ही खंडी मुंबईच्या व्यापाराची, ३५६ किलोची. गाठ १७० किलोची. दारात उभा असलेल्या कास्तकाराला आतला भाव ऐकू येतो, पण तो वेगळ्या शब्दात आणि वेगळ्या मापात असतो. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. त्याला 'उतारा' म्हणतात. सातबाराचा उतारा कास्तकाराजवळ असतो, रुईचा उतारा जीनवाल्याजवळ. दोघांच्याही कागदावर तोच शब्द असतो.

'जीन' हे इंग्रजी 'इंजिन'चं तोडलेलं शेपूट. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी वेगळी करायचं यंत्र केलं, त्याला लोक नुसतं 'जिन' म्हणू लागले. इथे त्याआधी लाकडी दोन लाटांची चरकी होती आणि ती बायका घरात चालवत. जीन आलं तसं ते काम घरातून गेलं. वणीला, यवतमाळला, दारव्ह्याला जुन्या जीनांच्या चिमण्या अजून दिसतात, आणि शहरात 'जीनाजवळ उतरवा' म्हटलं की ऑटोवाल्याला पत्ता पुरतो. दुसरी 'जीन' अंगावर घालायची. ती जेनोआ या इटालियन बंदरावरून. तिचं कापड डेनिम, ते फ्रान्सातल्या नीम गावचं, 'द नीम'. आणि कामगारांची डंगरी ती मुंबईतल्या डोंगरीची. यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचा कारखाना आहे. म्हणजे कापूस एका जीनमधून निघतो आणि चार कोसांवर दुसरी जीन होण्यासाठी जातो, दोन्ही नावांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही. (सुतराम हा शब्द संस्कृतातल्या 'सुतराम्'चा, सुताचा नाही. कापसाच्या नादात माणूस सगळीकडे सूत पाहायला लागतो.) आणि हे लोहारा गाव जुनं. आईन-ए-अकबरीत या परगण्याचं नाव 'योत-लोहारा' असं येतं. यवतचा महाल तो यवतमाळ. इंग्रजांनी केलेल्या जिल्ह्याला आधी 'वुन' म्हणजे वणीचं नाव होतं. १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला.

इंग्रजांकडे इथल्या कापसाचं नाव काय होतं? 'ऊमरा'. निजामाकडून वऱ्हाड १८५३ मध्ये त्यांच्या ताब्यात गेलं आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५) तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना दक्षिणेतला कापूस मिळेना. मग वऱ्हाडचा आठवला. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, बाजारातून जातो म्हणून लिव्हरपूलच्या दलालांनी त्याला 'ऊमरा' म्हटलं. यवतमाळ, वणी, दारव्हा, कोणत्याही वावरातला असो, लिव्हरपूलला पोचला की ऊमरा. इथला शेतकरी त्यातच बनी ओळखायचा, जरी ओळखायचा. बनीचा धागा लांब, जरीचा आखूड. तिकडे सगळं एका गोणीत. या कापसाला मुख्य रेल्वेपर्यंत न्यायला यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी झाली. किलिक-निक्सन कंपनीची. लोकांनी तिचं नाव ठेवलं शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरहून आलेलं होतं आणि ते १९९४ पर्यंत ओढत राहिलं. कापूस मँचेस्टरला जायचा, त्याला ओढायला मँचेस्टरचं इंजिन. आज रूळ आहेत, गाडी नाही.

सरकारचे शब्दही या पुस्तकात घेतले आहेत. काही मित्रांना ते खटकले. बोलीच्या कोशात कचेरीची भाषा कशाला, म्हणाले. पण 'एकाधिकार' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो एका निरक्षर म्हाताऱ्याच्या तोंडून, 'यकाधिकार' असा, आणि त्याला त्याचा अर्थ माझ्यापेक्षा नेमका ठाऊक होता. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्या योजनेने ग्रेडर आणला, कट्टी (म्हणजे मापातली कपात) आणली, आणि 'चुकारा' घरोघरी पोचवला. चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. 'चुकता करणे'तला 'चुक'. तो कित्येकदा वेळ चुकून यायचा, म्हणून लोक दोन्ही अर्थांनी तो शब्द वापरायचे आणि हसायचे. तसाच अलीकडचा 'चोरबीटी'. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये. तणनाशक सोसणाऱ्या बियाण्याला मिळालेली नाही, ते आडमार्गाने येतं. त्याचं शास्त्रीय नाव पाच अक्षरी आणि सरकारी नाव 'अनधिकृत'. गावाने एका शब्दात सांगितलं.

सगळ्यांत जास्त वेळ मी ज्या चिठोरीवर थांबलो ती 'सीतादही'ची. पहिला वेचा सुरू करायच्या दिवशी बायका वावरात पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडतात, हळद-कुंकू वाहतात, दहीभात ठेवतात. मग वेचणी. मी पाहिली ती कळंबच्या वाटेवरच्या एका वावरात. सकाळचं दव अजून बोंडांवर होतं. ओला कापूस वेचत नाहीत, म्हणून बायका उन्हाची वाट पाहत धुऱ्यावर बसल्या होत्या. ओटी बांधलेली, कमरेला लुगड्याची झोळी. एकीने दहीभाताचा द्रोण ठेवला, बोटाने दही झाडाच्या पानावर शिंपडलं आणि पहिलं बोंड ओढलं. पाचही बोटं एकदम आत जातात, कवचाच्या टोकांना न लागता कापूस बाहेर येतो. नव्या माणसाच्या बोटांना पहिल्या तासात रक्त येतं. कवच वाळलं की त्याची टोकं काट्यासारखी होतात. ही सीता कोण, विचारलं तर म्हणाल्या, रामाची. वेदांत 'सीता' म्हणजे नांगराने पाडलेली तास. जनकाला नांगरताना सापडली म्हणून ती सीता, हे आपण लहानपणी ऐकतो, पण मूळ शब्द ती तासच. कापसाच्या ओळीत दहीभात ठेवणारी बाई रामायणाच्या सीतेला आणि नांगराच्या तासेला एकाच वेळी नैवेद्य दाखवते. आणि याच जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या रावेरीत, सीतेचं देऊळ आहे. राम नसलेलं. कथा अशी की टाकून दिलेल्या सीतेने इथे गव्हाची मूठ मागितली, कोणी दिली नाही, तिने गाव शापलं, म्हणून रावेरीत गहू होत नसे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळाभोवतीच्या शिवारात हंगामात पाहिलं तर पऱ्हाटीच.

पिंजाऱ्याच्या शब्दांवर एक छोटं प्रकरण आहे, त्याबद्दल इथे थोडंच. रुई पिंजणारा तो पिंजारी. अरबीत त्याला 'नद्दाफ' आणि 'हल्लाज' म्हणतात. बगदादला ९२२ मध्ये ज्याला सुळी दिलं तो सूफी मन्सूर अल-हल्लाज, त्याच्या नावातच पिंजाऱ्याचा धंदा आहे. आणि इथले पिंजारी स्वतःला मन्सुरी म्हणवतात ते त्याच्याच नावावरून. दिवाळीआधी गादी भरायला येणाऱ्या माणसाच्या धनुकलीचा तो 'टँव टँव' आवाज आता यंत्राने गिळला.

एक शब्द कोशात घ्यावा की नाही, यावर मी दोन वर्षं घालवली. 'औषध'. पऱ्हाटीवर फवारतात ते औषध. दुकानावर पाटी 'कृषी औषधी'. बाटलीवर कवटी छापलेली असते, लाल त्रिकोण असतो, आणि तरी तिला कोणी विष म्हणत नाही. पिकाला रोग झाला, त्यावर औषध. तर्क सरळ आहे. पण याच शब्दाला इथे दुसरा अर्थ चढला आहे. 'अमक्याने औषध घेतलं' असं गावात कोणी हळू आवाजात सांगितलं की पुढचं विचारायचं नसतं. कोणत्या दवाखान्यात नेलं, एवढंच विचारायचं. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी 'कीटकनाशक' लिहिलं, अधिकाऱ्यांनी 'रसायन' म्हटलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने निबंधात लिहिलं, 'बाबांना औषध लागलं.' लाल शाई हातात होती. 'विष' असं दुरुस्त करायला पेन टेकवलं आणि उचललं. शब्द कोशात आहे, तिच्या वाक्यातल्या क्रियापदासह : औषध लागणे.

'पांढरं सोनं' मात्र घेतलेलं नाही. इतक्या वर्षांत तो शब्द मी भाषणात ऐकला, मथळ्यात वाचला, वेचणाऱ्या बाईच्या तोंडून एकदाही नाही.

नोंदी अकारविल्हे लावलेल्या नाहीत. त्या हंगामाप्रमाणे लावल्या आहेत : मृगाच्या आधीच्या नांगरटीपासून टोबणी, डवरणी, पातीगळ, लाल्या, वेचे, गाडी, काटा, चुकारा. 'अ'पासून शोधायची सवय असलेल्या वाचकाला त्रास होईल. त्याने मागची सूची पाहावी. वर्ष ज्याला ठाऊक आहे त्याला सूची लागणार नाही. फरदडीपाशी मी घुटमळलो. हंगाम संपल्यावर पाणी देऊन तीच पऱ्हाटी पुन्हा फुलवायची ती फरदड. कृषी खातं ठेवू नका म्हणतं, गुलाबी बोंडअळीला ती घर देते म्हणून. आणि ज्याचं वर्ष गेलेलं असतं तो ठेवतो. ती कुठल्या महिन्यात घालायची? शेवटी ती मुख्य रांगेबाहेर, वेगळ्या पानावर ठेवली.

रांगेतली शेवटची नोंद 'उलंगवाडी'. शेवटचा वेचा झाला, आता वावरात काही राहिलं नाही, गुरं मोकळी सोडा, याला उलंगवाडी म्हणतात. मग पऱ्हाट्या उपटायच्या. त्यासाठी लोखंडी चिमटा असतो, खोड दातात धरून दांडा खाली दाबायचा. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे घरामागे रचतात आणि वर्षभर चूल त्यांच्यावर चालते. मी शेवटच्या चिठोऱ्या टिपत होतो तो उलंगवाडीचाच दिवस होता, मार्च लागलेला. एक बाई उरलीसुरली कवडी ओढत होती आणि मी धुऱ्यावर उभा राहून तिला एकेक शब्द विचारत होतो. ही पाकळी रिकामी झाली तिला काय म्हणता, हा कचरा चिकटलेला कापूस कोणता. तिने बराच वेळ सांगितलं. मग हात न थांबवता विचारलं, "सर, आमाले येचाई किलोवर भेटते. तुम्ही हे शब्द येचून रायले, तुमाले किलोमागं काय भेटते?"

मी म्हटलं, अजून काटा झाला नाही. ती म्हणाली, "मंग कट्टी पाहून घ्या," आणि पुढच्या ओळीला लागली.